पंक रॉकवरचे चित्रपट: कॅमेरा स्टेजकडे की गर्दीकडे?

खर्ज

पंक रॉकवरचा (सत्तरच्या दशकातलं साधं, वेगवान, बंडखोर संगीत) कुठलाही चित्रपट लावला की कॅमेरा कुणाकडे बघतोय, हे मी सगळ्यात आधी पाहतो. तो सतत गायकाच्या चेहऱ्यावरच खिळलेला असेल, तर तो चित्रपट एरवी कितीही देखणा असो, माझ्या दृष्टीने त्याच्या हातून पंक निसटलेलं असतं. कारण स्टेजवरचा आणि स्टेजसमोरचा यांच्यातलं अंतर मिटवणं हेच तर या संगीताने केलं. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा हॉल बराचसा रिकामा होता. पण त्या मूठभर लोकांतून पुढे बझकॉक्स, जॉय डिव्हिजन हे बँड आले. मायकेल विंटरबॉटमच्या 'ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल' (२००२) मध्ये हा प्रसंग आहे आणि त्यात कॅमेरा मुद्दाम प्रेक्षकांत हिंडतो. त्या दिवशी खरी घडामोड स्टेजखाली चालली होती, हे दिग्दर्शकाला नेमकं कळलेलं आहे.

हा धागा काढायचं कारण म्हणजे या विषयावरच्या चर्चा फिरून फिरून पिस्टल्सचा बास गिटारवादक सिड व्हिशस आणि त्याच्या गळ्यातल्या साखळी-कुलपापाशी येऊन थांबतात. मला दोन माहितीपटांबद्दल सविस्तर लिहायचं आहे. बाकीचे तुम्ही सांगा.

पहिला, डॉन लेट्सचा 'द पंक रॉक मूव्ही' (१९७८). लेट्स लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डीजे होता. १९७७ च्या सुरुवातीला पंकच्या रेकॉर्डी जवळपास निघालेल्याच नव्हत्या, मग दोन बँडच्या मधल्या वेळात वाजवायचं काय? त्याने स्वतःच्या संग्रहातलं जमैकाचं रेगे संगीत लावलं, आणि लंडनच्या पंक पोरांचे कान रेगेवर तयार झाले. त्याच सुमारास त्याच्या हाती एक सुपर एट, म्हणजे घरगुती वापराचा छोटा फिल्म कॅमेरा आला. चित्रपटाचं शिक्षण शून्य. मित्रांनी गिटार उचलली होती, त्याने कॅमेरा उचलला. सुपर एटच्या फिल्मचं एक काडतूस जेमतेम तीन मिनिटं चालतं आणि पंकचं गाणंही तेवढ्यातच आटोपतं. त्यामुळे एक गाणं, एक काडतूस असा हिशेब आपोआप जमून गेला असावा असं बघताना वाटत राहतं. प्रकाश अपुरा, आवाज फाटलेला, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं येतं. पण ते डोकं आडवं येतं म्हणूनच आपण त्या तळघरात आहोत हे पटतं.

दुसरा, पेनेलोप स्फीरिसचा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' (१९८१). लॉस एंजेलिसमधला पंक, चित्रीकरण १९७९-८० चं. ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, सर्कल जर्क्स, फिअर, अ‍ॅलिस बॅग बँड हे सगळे त्यात आहेत. सुरुवातच अशी की निरनिराळ्या बँडचे लोक माइकवरून प्रेक्षकांना सूचना वाचून दाखवतात: इथे चित्रीकरण चालू आहे, तुम्ही आत आलात म्हणजे तुमची संमती आहे. कंटाळवाणा कायदेशीर मजकूर, आणि प्रत्येक जण तो आपापल्या ढंगात वाचतो. पहिल्या काही मिनिटांतच सगळी माणसं वेगवेगळी ओळखू येऊ लागतात.

त्यातला एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. जर्म्सचा गायक डार्बी क्रॅश सकाळी स्वयंपाकघरात अंडी तळतोय. स्टेजवर हा माणूस शब्द गिळत, अडखळत, अंगावर ओरखडे घेत वावरतो, इतका की त्याची गाणी कळावीत म्हणून स्फीरिसला पडद्यावर ओळी द्याव्या लागल्या. इथे मात्र तो शांतपणे तव्याशी उभा आहे, बोलतोय, हसतोय. शेजारी मैत्रीण आहे. घराच्या मागे एक रंगारी मरून पडलेला सापडला, त्याच्याबरोबर फोटो कसे काढले, हे ती हसत हसत सांगते. स्फीरिस मागून साध्या आवाजात विचारते, वाईट नाही वाटलं? ना निवेदन, ना पार्श्वसंगीत. अंगावर काटा येतो, आणि तरी त्या पोरांचा तिरस्कार करता येत नाही. चित्रपट लागायच्या आधीच, ७ डिसेंबर १९८० ला, डार्बी गेला. पोस्टरवर तोच होता, स्टेजवर डोळे मिटून पडलेला.

प्रदर्शनानंतर लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी हा चित्रपट शहरात पुन्हा दाखवू नये असं पत्र लिहिलं. २०१६ मध्ये तोच चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जपून ठेवण्याच्या कलाकृतींमध्ये, दाखल झाला.

तुम्ही कुठले पाहिलेत? आणि माझा निकष मान्य नसेल तर तेही लिहा.

---

कुतूहल

वाचतेय. पंक ऐकण्याशी माझा फारसा संबंध नाही, पण तव्याचा प्रसंग वाचून हा चित्रपट बघावासा वाटला. कथापट आवडणाऱ्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

---

पडदानशीन

निकषाशी अर्धाच सहमत. माहितीपटाला तो लागू पडतो, कथापटाला लावलात तर अन्याय होईल. अ‍ॅलेक्स कॉक्सचा 'सिड अँड नॅन्सी' (१९८६) घ्या, सिड व्हिशस आणि त्याच्या मैत्रिणीवरचा. त्यात गर्दी कमीच आहे, दोनच माणसं आहेत, आणि ती दोन माणसं हळूहळू एका खोलीत बंद होत जातात. गॅरी ओल्डमनने सिडची चाल, मानेची ठेवण, सगळं अंगात भिनवलंय. क्लोई वेबची नॅन्सी कर्कश आहे, असह्य आहे, आणि तरी शेवटाकडे तिची काळजी वाटू लागते. चित्रण रॉजर डीकिन्सचं. गल्लीत दोघं चुंबन घेतात आणि वरून कचरा संथपणे पडत राहतो, ती चौकट पाहिल्यावर हा चित्रपट पंकचा नाही असं म्हणवत नाही.

कॉक्सचाच 'रेपो मॅन' (१९८४) सुद्धा यादीत हवा. त्यात पंक हा विषय नाही, पण कंटाळलेला, नोकरी टाकलेला, घरचे धर्मोपदेशकाला पैसे देऊन बसलेत असा जो पोरगा आहे, तो त्याच लॉस एंजेलिसचा आहे. सर्कल जर्क्स त्यात हॉटेलातला गुळगुळीत बँड बनून हजेरी लावून जातात.

---

खर्ज

@पडदानशीन, 'रेपो मॅन'बद्दल पूर्ण सहमत.

पण त्या कचऱ्याच्या चौकटीशीच माझं भांडण आहे. ती सुंदर आहे, आणि नको तिथे सुंदर आहे. दिग्दर्शक लेख कोवाल्स्की यांचा 'डी.ओ.ए.' (१९८०) मिळाला तर जरूर बघा. पिस्टल्सच्या जानेवारी १९७८ च्या अमेरिका दौऱ्यावरचा माहितीपट. त्यात खऱ्या सिड आणि नॅन्सीची पलंगावरची मुलाखत आहे. प्रश्न विचारला जातो, सिड उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि वाक्याच्या मध्येच त्याचा डोळा लागतो. नॅन्सी त्याला उठवते, तो पुन्हा पेंगतो. तीच बोलत राहते, त्याची बाजूही तीच मांडते. कॅमेरा हलत नाही. या दोघांच्या आयुष्यात हेरॉइनने काय केलं ते त्या काही मिनिटांत आहे, आणि त्यात प्रेमकहाणी शोधावीशी वाटत नाही. नॅन्सी १२ ऑक्टोबर १९७८ ला न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलमध्ये मृतावस्थेत सापडली. ती वीस वर्षांची होती. २ फेब्रुवारी १९७९ ला सिड गेला, एकविसाव्या वर्षी. पोरं होती हो ती. पिस्टल्सचा गायक जॉन लायडन (म्हणजेच जॉनी रॉटन) याने कॉक्सच्या चित्रपटावर आयुष्यभर राग धरला आणि त्याचा राग मला समजतो. गेलेला त्याचा मित्र होता.

तो राग समजून घ्यायचा तर ज्युलियन टेंपलचा 'द फिल्थ अँड द फ्युरी' (२०००) बघायला हवा. याच टेंपलने १९८० मध्ये 'द ग्रेट रॉक 'एन' रोल स्विंडल' केला होता. तो व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरनच्या बाजूने: सगळं मीच घडवलं, बँड म्हणजे माझ्या हातातलं बाहुलं. वीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने बँडला बोलू दिलं. मुलाखती देताना त्यांचे चेहरे अंधारात ठेवलेत, फक्त आकृत्या दिसतात. त्यामुळे वय झालेले चेहरे दिसत नाहीत, पडद्यावर ते तरुणच राहतात. सिडचा विषय निघतो आणि लायडनचा आवाज फुटतो. चेहरा दिसत नसतानाचं ते रडणं फार खरं आहे.

---

रानवाट

लेख आवडला. पण अ‍ॅलिस बॅगचं नाव एका यादीत सोडलं तर आतापर्यंत या धाग्यातला पंक पुरुषांचाच आहे (नॅन्सीला धरूनही). म्हणून दोन चित्रपट.

'लेडीज अँड जंटलमेन, द फॅब्युलस स्टेन्स'. दिग्दर्शक लू अ‍ॅडलर. डायन लेन आणि लॉरा डर्न, दोघी किशोरवयीन. आई गेलेली, नोकरी गेलेली, वाजवायला धड येत नाही, तरी तीन मुली बँड काढतात आणि दौऱ्यावर निघतात. त्यांच्याबरोबरचा ब्रिटिश बँड म्हणजे पडद्यावर रे विन्स्टन आणि त्याच्यामागे खरेखुरे वादक: पिस्टल्सचे स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक, क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमनन. १९८२ मध्ये तो नावापुरता प्रदर्शित झाला आणि गायब झाला. पटकथा नॅन्सी डाउडची, ऑस्कर मिळवलेली लेखिका, तरी तिने श्रेयनामावलीत स्वतःचं नाव येऊ दिलं नाही, टोपणनाव लावलं. पुढे रात्री उशिरा केबलवर तो लागायचा, आणि तिथे तो ज्या मुलींनी पाहिला त्यांतल्या काहींनी नव्वदच्या दशकात रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीत स्वतःचे बँड काढले. खर्ज, तुमच्या निकषावर हा चित्रपट शंभर टक्के उतरतो. कॅमेरा समोरच्या मुलींकडे वळतो तेव्हा त्या सगळ्यांनी केस नायिकेसारखे दोन रंगांत रंगवलेले असतात. तिचं बोलणं त्यांनी उचललेलं असतं, पुढे तिच्यावर उलटतातही त्याच.

दुसरा स्वीडनचा, लुकास मूडिसनचा 'वी आर द बेस्ट!' (२०१३). दिग्दर्शकाची पत्नी कोको मूडिसन यांच्या चित्रकादंबरीवरून. @कुतूहल, तुम्ही इथून सुरुवात करा. स्टॉकहोम, १९८२. जो तो सांगतोय की पंक मेलं. बोबो आणि क्लारा, वय तेरा, यांना ते मान्य नाही. युवक केंद्रात शेजारच्या खोलीत मोठ्या मुलांचा बँड कर्णकर्कश वाजवतोय, त्यांना गप्प करायचं म्हणून या दोघी सरावाची खोली आपल्या नावावर करून घेतात. वाद्यं आधी कधी हातात धरलेली नाहीत. आणि गाणं कशावर? शाळेतल्या खेळाच्या तासावर! जगात एवढी संकटं आणि तुम्हाला चेंडूची पडलीय, असा राग. मला तो राग शंभर नंबरी वाटतो. तेरा वर्षांच्या मुलीवर सत्ता गाजवणारी पहिली व्यक्ती शिट्टी घेऊनच उभी असते.

---

कुतूहल

@रानवाट, पाहिला! केस कापण्याचा प्रसंग पुन्हा मागे नेऊन बघितला. हेडविग ही देवभोळ्या घरातली, शास्त्रीय गिटार वाजवणारी मुलगी. तिला बँडमध्ये घेतल्यावर या दोघी तिचे लांब केस कापतात. आधी सगळ्या हसतात, मग हेडविग आरशात बघते आणि कुणालाच काय बोलावं सुचत नाही. नंतर तिची आई दोघींना समोर बसवते. बंडखोर मुली चांगल्या आणि धार्मिक आई वाईट, अशी सोपी वाटणी चित्रपट करत नाही, हे फार आवडलं.

आणि शेवटचा कार्यक्रम! व्हेस्टेरोस गावात प्रेक्षक ओरडायला लागतात, तेव्हा त्या आपल्या गाण्यातला 'खेळ' काढून तिथे गावाचंच नाव घालतात आणि दुप्पट जोराने गातात.

---

निशाचर

+१. जोडीला जपानचा 'लिंडा लिंडा लिंडा' (२००५) घ्या, दिग्दर्शक नोबुहिरो यामाशिता. शाळेचा उत्सव तीन दिवसांवर, बँडमधल्या दोघी बाहेर पडलेल्या, आणि उरलेल्या मुली कोरियाहून आलेल्या एका विद्यार्थिनीला गायला उभं करतात. गाणं ब्लू हार्ट्स या जपानी पंक बँडचं. ती विद्यार्थिनी झालेली बे दूना तिच्या तोडक्या जपानीत ते शब्द घोकते. या चित्रपटात चिडलेलं कुणीच नाही. तरी मी त्याला पंकचा चित्रपट म्हणेन, कारण तयारी पुरी नसताना स्टेजवर जाणं त्यात आहे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे सोगो इशीचा 'बर्स्ट सिटी' (१९८२). स्टालिन, रूस्टर्स, रॉकर्स हे खरे बँड त्यात आहेत. मोटारसायकली, भंगार, अणुभट्टीचं बांधकाम, पोलिसांशी हाणामारी. कथा शोधायला जाऊ नका. कॅमेरा इतका हिंदकळतो आणि चित्रं इतक्या वेगाने बदलतात की डोकं भणभणतं. इशी तेव्हा पंचविशीत होता. हा माणूस गर्दीच्या बाहेर उभा राहून चित्रीकरण करत नव्हता, हे दर सेकंदाला जाणवतं.

---

झाकोळ

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय.

डॉन लेट्स हा जमैकन वंशाचा लंडनकर, म्हणजे ब्रिटिश पंकचं पहिलं महत्त्वाचं चित्रण एका कृष्णवर्णीय तरुणाने केलं. हे अधोरेखित करायला हवं, कारण पंक म्हणजे गोऱ्या पोरांचं प्रकरण असं सर्रास धरलं जातं. त्यासाठी 'अ बँड कॉल्ड डेथ' (२०१२) बघाच. डेट्रॉइटचे तीन हॅकनी भाऊ. गाणी १९७५ च्या आसपास ध्वनिमुद्रित केलेली, म्हणजे न्यूयॉर्कच्या रॅमोन्स या पंक बँडची पहिली रेकॉर्ड निघायच्या आधी. रेकॉर्ड कंपनीचे बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना संगीत आवडलं होतं, अट एकच: 'डेथ' हे नाव बदला. थोरला डेव्हिड म्हणाला, नाही. व्यवहार फिसकटला. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच एका रेकॉर्डच्या ५०० प्रती काढल्या आणि पुढे सगळं माळ्यावर गेलं. डेव्हिडने मूळ टेपा धाकट्या भावाकडे दिल्या आणि सांगितलं, जग एक दिवस या शोधत येईल. २००० मध्ये तो गेला. २००९ मध्ये ती गाणी प्रसिद्ध झाली. मधल्या काळात त्या दुर्मिळ रेकॉर्डीची चर्चा संग्राहकांत सुरू झाली होती, आणि पुढच्या पिढीतल्या पोराला एका पार्टीत वाजणारा आवाज आपल्याच बापाचा आहे हे कळलं. हा भाग ऐकताना मी सरळ रडलो.

जेम्स स्पूनरचा 'अ‍ॅफ्रो-पंक' (२००३) सुद्धा बघा. कार्यक्रमाच्या खोलीत आपल्या रंगाचे आपण एकटेच, या अनुभवाबद्दल माणसं कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. त्या चित्रपटातून पुढे त्याच नावाचा मोठा महोत्सव उभा राहिला.

आणि क्लॅशवरचा 'रूड बॉय' (१९८०). यातली गंमत अशी की बँडला स्वतःला तो नकोसा झाला. कृष्णवर्णीय तरुणांचं त्यातलं चित्रण त्यांना पटलं नाही आणि 'आम्हाला हा चित्रपट नको' अशा अर्थाचे बिल्ले त्यांनी काढले. आक्षेप योग्यच होता. तरीही ३० एप्रिल १९७८ च्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या वर्णद्वेषविरोधी मेळाव्याचं त्यातलं चित्रण सोडू नये. त्या चळवळीची पूर्ण गोष्ट रुबिका शाह यांच्या 'व्हाइट रायट' (२०१९) मध्ये आहे.

---

पडदानशीन

झाकोळ, उत्तम प्रतिसाद. 'डेथ'बद्दल माहीत नव्हतं, आज रात्रीच बघतो.

खर्ज, 'डी.ओ.ए.'ची मुलाखत शोधून पाहिली. तरी माझं म्हणणं कायम आहे. ती मुलाखत बघताना मला मान वळवावीशी वाटली, आणि मान वळवली की माणूस समजून घ्यायचा राहून जातो. कथापट तुम्हाला तिथे थांबवून धरतो. थांबवण्यासाठी सौंदर्य वापरावं लागलं तर मला चालेल.

टेंपलचं अजून एक सुचवतो. २५ डिसेंबर १९७७, हडर्सफील्ड. अग्निशमन दलाचा संप चालू होता, आणि पिस्टल्सनी संपकऱ्यांच्या मुलांसाठी दुपारी फुकट कार्यक्रम केला. टेंपलने तो एका जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपला होता, २०१३ मध्ये बीबीसीने दाखवला. ज्यांना देशभर कार्यक्रम करू देत नव्हते ते चौघे लहान मुलांना केक वाटतायत, आणि पोरं तो केक जॉनी रॉटनच्या तोंडाला फासतायत. तुमच्या निकषाला याहून चांगला पुरावा नसावा.

---

रानवाट

मी 'डिक्लाइन' पाहिला आणि एक गोष्ट खटकली, ती लिहिते. फिअरचा गायक समलिंगी लोकांना उद्देशून जे बरळतो आणि त्यावर लोक जे खिदळतात, ते तसंच ठेवलंय. उघड्या दिव्याखाली बसलेली पोरं कुणाला मारलं ते अभिमानाने सांगतात. दिग्दर्शिकेने काहीच भूमिका घेऊ नये? याउलट जेरेमी सॉलनियरच्या 'ग्रीन रूम' (२०१५) मध्ये नवनाझींच्या अड्ड्यात अडकलेला बँड त्यांच्याच तोंडावर डेड केनेडीज या पंक बँडचं नाझीविरोधी गाणं वाजवतो. तिथे बाजू स्पष्ट आहे.

---

खर्ज

@रानवाट, प्रश्न रास्त आहे. 'ग्रीन रूम' मलाही आवडतो, आणि त्याचं कारण ते गाणं येण्याच्याही आधीचं आहे. गाडीत तेल नाही म्हणून दुसऱ्याच्या गाडीतून नळीने ओढून घेणं, एवढ्या लांब येऊन हातावर टेकवलेली चिल्लर. सॉलनियर स्वतः वॉशिंग्टनजवळच्या हार्डकोअर (पंकचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) वर्तुळात वाढला, त्यामुळे हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.

स्फीरिसबद्दल मला असं वाटतं की तिने ते बोलणं कापलं असतं तर आज आपण ही पोरं साधीभोळी होती असं समजून बसलो असतो. त्या खोलीत द्वेषही होता, ही नोंद राहायला हवी होती. शिवाय तिची भूमिका तुम्हाला तिच्या पुढच्या कामात सापडेल. 'सबर्बिया' (१९८४) हा तिचा कथापट, घरातून पळालेली पोरं ओसाड घरात एकत्र राहतात. त्यात नटांऐवजी बहुतेक खरी पंक पोरं घेतली, त्यातलाच एक म्हणजे पुढे रेड हॉट चिली पेपर्समध्ये गाजलेला फ्ली. आणि 'डिक्लाइन'चा तिसरा भाग (१९९८) तर संगीत जवळपास बाजूला ठेवतो. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर झोपणारी पंक पोरं, त्यांना ती एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारते: घर का सोडलंस, पाच वर्षांनी तू कुठे असशील? बरीच जण सांगतात, जिवंत नसेन. 'वेन्स वर्ल्ड'सारखा गल्लाभरू विनोदी चित्रपट देऊन झाल्यावर तिने स्वतःचा पैसा घालून हा केला, आणि त्यानंतर ती निराधार मुलांची पालक म्हणून नोंदणीकृत झाली.

तिन्ही भाग वर्षानुवर्षं धड मिळत नव्हते. २०१५ मध्ये एकत्र संच निघाला. दुसरा भाग हेवी मेटलवर आहे, तो नंतर बघितलात तरी चालेल. पहिला आणि तिसरा मात्र लागोपाठ बघा आणि इथे लिहा. फिअरबद्दल तुमचं मत तेव्हाही हेच राहिलं तर त्यावर पुढे बोलू.

@पडदानशीन, हडर्सफील्डबद्दल आभार. वरच्या लेखात ते यायलाच हवं होतं.

---

कुतूहल

'लिंडा लिंडा लिंडा' झाला, 'डेथ' निम्मा झालाय. डेव्हिडने नाव बदलायला नकार दिला त्यावरून घरात जोरदार वाद चालू आहे. मी डेव्हिडच्या बाजूने.